मेंदूचा दाह आणि घरातील मौन

वीस-बावीस वर्षांची मुलगी आठ-दहा दिवसांत एकाएकी बदलते. तिला झोप लागत नाही, घरच्यांवरच संशय येतो, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी आपल्या व्यापारी कुटुंबांत पहिला विचार येतो तो सोयरिकीचा. बोभाटा नको म्हणून मौन पाळले जाते, दृष्ट काढली जाते, गंडे-दोरे बांधले जातात. यात गेलेले दिवस फार महाग पडू शकतात; कारण असा बदल कधी कधी मेंदूच्या दाहामुळे झालेला असतो.

मेंदूज्वर म्हटला की आपल्याला जंतुसंसर्ग व ताप आठवतो. परंतु काही रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच चुकून मेंदूवर उलटते. अशाच एका आजाराचा उलगडा अमेरिकेतील डॉ. जोसेप डालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केला. यात रक्तातील प्रतिपिंडे मेंदूपेशींवरील 'एनएमडीए' नावाच्या संदेशग्राहकांवर हल्ला करतात. हा आजार तरुण स्त्रियांत अधिक आढळतो. काहींच्या बीजकोशात गाठ असते; ती काढून टाकणे हा उपचाराचाच भाग असतो.

२००९ मध्ये न्यूयॉर्कमधील चोवीस वर्षांच्या पत्रकार सुसाना कॅहालन यांना हाच आजार झाला. अतिश्रम, मद्यपान, मानसिक विकार असे तर्क झाले. अखेर डॉ. सुहेल नज्जार यांनी त्यांना घड्याळाचे चित्र काढावयास सांगितले. त्यांनी सर्व आकडे उजव्या अर्ध्या भागातच दाटीने लिहिले. डाव्या बाजूचे भान सुटले, म्हणजे मेंदूच्या उजव्या भागास सूज असावी, हे डॉक्टरांनी ताडले. उपचारानंतर त्या कामावर परतल्या आणि २०१२ मध्ये 'ब्रेन ऑन फायर' हे अनुभवकथन त्यांनी प्रसिद्ध केले.

स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन व रक्तद्रव बदलणे हे यावरील प्रमुख उपचार होत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांपैकी सुमारे ८१ टक्के रुग्ण चांगले सावरले होते. उपचार जितके लवकर, तितकी आशा अधिक, हेही त्यातून दिसले.

म्हणून वाचकांस विनंती इतकीच. स्वभावातील अचानक बदलासोबत झटके, विस्मरण, वाचा मंदावणे, तोंडाच्या वा हातांच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर विनाविलंब मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. एमआरआय निर्दोष आला तरी निश्चिंत होऊ नये. ईईजी आणि पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी आवश्यक आहे का, हे विचारावे. दुकानाचा रोजमेळ आपण जसा लिहितो, तशी कोणते लक्षण कोणत्या दिवशी दिसले याची नोंद ठेवावी. डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो. निदान मानसिक आजाराचे झाले, तरी त्यातही लाजण्याजोगे काही नाही. सोयरीक पुढेही जुळेल. उपचाराची वेळ मात्र थांबून राहत नाही.