मोजत थांबायचं, पण तारखेसकट

शेजारच्या काकाजींची सोनोग्राफी झाली ती लघवीच्या त्रासासाठी. रिपोर्टात प्रोस्टेटखाली आणखी एक ओळ निघाली: पोटातली महाधमनी ४.३ सेंटीमीटर. एरवी ती साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ३च्या पुढे गेली की तिला ॲन्युरिझम म्हणतात, म्हणजे भिंत कमजोर होऊन फुगलेली नळी. काकाजींना काहीच जाणवत नव्हतं. बहुतेकांना जाणवत नाहीच. डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितली, रक्तदाबाची गोळी दिली आणि वर्षानं बोलावलं. मुलगा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला तो संतापूनच. ‘‘पोटात फुगा ठेवून वर्षभर बसाचं कसं जी? पैसा नाही समजून वापस पाठवलं आम्हाले.’’

त्याचा राग मला कळतो. ‘सध्या काही करायचं नाही’ हे वाक्य गरिबाला फार वेळा हात झटकायलाच ऐकवलं गेलं आहे. पण इथं डॉक्टर बरोबर होते, आणि हे मी ठामपणे लिहितो.

लगेच कापायचं की थांबायचं, हाच प्रश्न ब्रिटनमध्ये १,०९० रुग्णांवर तपासला गेला. सगळ्यांच्या धमन्या ४ ते ५.५ सेंटीमीटरच्या. निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया, बाकीच्यांची ठरावीक काळानं सोनोग्राफी. १९९८मध्ये निष्कर्ष आला: सहा वर्षांनंतर दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच. या आकाराची धमनी फुटण्याची शक्यता वर्षाला १ टक्क्याच्या आसपास होती, आणि शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात दगावणारे ५ टक्क्यांहून अधिक. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासात शल्यचिकित्सकांचे हात आणखी सफाईदार होते, मृत्यू कमी होते. तरी २००२मध्ये उत्तर तेच आलं. म्हणून पुरुषांत ५.५, बायकांत ५ सेंटीमीटरपर्यंत थांबतात. बायकांची धमनी लहान आकारातही फुटते. वर्षभरात १ सेंटीमीटरहून जास्त वाढली किंवा दुखू लागली, तर मात्र थांबत नाहीत.

मुलानं मोबाइलवर पाहिलं होतं की जांघेतून स्टेंट घालतात, पोट फाडावं लागत नाही. खरं आहे. सुरुवातीचा धोका त्यात कमी असतो. पण लहान ॲन्युरिझममध्ये घाईनं स्टेंट घालूनही फायदा दिसला नाही, आणि स्टेंट घातल्यावर तो सरकला का, बाजूनं रक्त झिरपतंय का, हे जन्मभर तपासत राहावं लागतं. तारखा काही चुकत नाहीत.

आणि माझी काळजी नेमकी तारखांचीच आहे. ब्रिटनमधल्या त्या रुग्णांचं थांबणं सुरक्षित ठरलं, कारण त्यांना कोणीतरी पुन्हा बोलावत होतं. त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. फक्त ती वेळेवर झाली. इंग्लंडमध्ये ४.५च्या खाली वर्षातून एकदा आणि त्यापुढे दर तीन महिन्यांनी तपासणी होते. आपल्याकडे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी कपाटावर, मधे सोयाबीन, कापूस, मुलीचं लग्न. त्याला थांबणं म्हणत नाहीत, ते विसरणं झालं.

नोंद ठेवणं आम्हाला नवं नाही. आमच्या कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या मंदिरात पायऱ्या उतरून गेलं की कुंड लागतं. पाणी चढून देवाच्या पायांना कधी लागलं, ती सालं गावातली म्हातारी माणसं सांगतात. पाण्याची इतकी नोंद ठेवणाऱ्या गावाला माणसाच्या धमनीची ठेवता येईल.

सगळ्या साठीपुढच्यांची सोनोग्राफी करा, अशी माझी मागणी नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, रक्तदाब, साखर विचारतात. त्याच कामाला जोडून, ज्यांच्या रिपोर्टात ॲन्युरिझमची ओळ आधीच सापडली आहे, एवढ्यांची नावं, आकडा आणि पुढची तारीख तालुक्याच्या वहीत असावी, आणि तारीख जवळ आली की फोन जावा. २०२४च्या फेब्रुवारीपासून वर्धा-कळंब रेल्वे धावते आहे. सेवाग्राम, सावंगीची मोठी रुग्णालयं पूर्वीइतकी लांब राहिली नाहीत.

मुलाला मी एकच गोष्ट दोनदा सांगितली. पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर गॅस समजून सोडा पाजायचा नाही. १०८ला फोन करायचा आणि ॲन्युरिझम आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. फुटल्यावर दहापैकी आठ जण वाचत नाहीत, आणि नागपूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे.

काकाजींनी बिडी सोडून पाच आठवडे झाले. पुढची सोनोग्राफी पुढच्या सालात आहे, त्याचं कालनिर्णय अजून बाजारात यायचं आहे. तोवर काकूंनी ती तारीख देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली आहे, खाली ४.३.