क्वचित् चालणाऱ्या इंजिनाचें तेल

आमच्या म्हसळा तालुक्यांत भाताच्या चिखलणीस आतां बैलजोडीच्या जागीं पॉवर टिलर दिसूं लागला आहे. घरचीं तरुण माणसें मुंबईस किंवा आखातांत, गडी मिळेनासे झालेले. तेव्हां हा बदल होणारच होता व त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु बैल आणि यंत्र ह्यांत एक भेद आहे. बैल बारा महिने वैरण मागतो, म्हणून धन्याचें लक्ष त्याच्यावर राहतें. यंत्र कांहींच मागत नाहीं, म्हणून तें विसरलें जातें. मृगापासून लावणी उरकेपर्यंत महिना-दीड महिना तें राबतें आणि पुढें जवळजवळ वर्षभर पडवींत उभें असतें. अशा इंजिनाचें तेल केव्हां बदलावें, ह्याविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. ‘चाललेंच नाहीं तर तेल बिघडेल कसें?’ असें एक पक्ष म्हणतो. ‘दर तीन महिन्यांनीं बदलाच,’ असें दुसरा. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात.

प्रथम तेल बिघडतें कसें तें पाहूं. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर जाते. परंतु थोडीशी पिस्टनच्या रिंगांमधून खालीं तेलांत उतरते. तिच्याबरोबर काजळी, न जळलेलें डिझेल आणि आम्ल द्रव्येंही येतात. इंजिन तापून बराच वेळ चाललें तर तें पाणी उडून जातें. दहा-पांच मिनिटांच्या कामानें तें तेलांतच राहतें. आम्ल मारण्यासाठीं तेलांत क्षारधर्मी द्रव्यें घातलेलीं असतात, पण तींही कामाबरोबर खर्ची पडतात. १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्यें गंधक दशलक्ष भागांत १० भागांहून अधिक नसतें. त्यामुळें आम्लाचा त्रास पूर्वीपेक्षां कमी झाला, हें खरें. पाणी मात्र तितकेंच उत्पन्न होतें. असें मळलेलें तेल दहा महिने बेअरिंगांवर बसून राहिलें, आणि वर तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाची व खाडीची दमट हवा; मग गंज धरण्यास आणखी काय हवें?

सबब आमचा नियम असा: कारखानदाराच्या पुस्तिकेंत दिलेले तास भरले तर त्या हिशेबानें तेल बदलावें; आणि तास भरले नाहींत तरी वर्षांतून एकदां अवश्य बदलावें. पुस्तिकेंत ह्याहून कमी मुदत लिहिली असेल तर ती पाळावी. त्यापलीकडे वरचेवर बदलणें म्हणजे चांगलें तेल फुकट घालविणें होय.

परंतु किती वेळां ह्यापेक्षां केव्हां, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बहुतेक जण मृग तोंडावर आला म्हणजे नवें तेल घालतात. ह्यांत खर्च तोच होतो, पण मळकें तेल लोखंडावर दहा महिने बसून राहतें. तेंच काम लावणी आटोपतांच, नारळी पौर्णिमेपूर्वीं करावें. इंजिन गरम असतांना जुनें तेल सर्व काढावें, फिल्टर बदलावा किंवा पुस्तिकेप्रमाणें साफ करावा, सांगितलेल्या प्रतीचें नवें तेल भरावें आणि तें सर्वत्र पोंचावें म्हणून इंजिन चांगलें तापेपर्यंत चालवावें. डिझेलची टांकी भरून ठेवावी, म्हणजे आंत दंव धरण्यास जागा राहत नाहीं. पुढील मृगास तेलाची पातळी व रंग पाहावा. तेल दुधाळ दिसल्यास मात्र तें ताबडतोब काढून पाणी कोठून शिरलें तें शोधावें.

दर आठवड्यास इंजिन पांच मिनिटें धडधडवून बंद करण्याची रीत कित्येकांस हिताची वाटते. वरील कारणानें ती अपायकारकच आहे. चालवावयाचें तर अर्धा-पाऊण तास कामाला लावावें. नाहीं तर मुळींच हात लावूं नये.

आतां कोणी म्हणेल, वर्षांत जेमतेम वीस तास चालणाऱ्या टिलरवर हा दोन-तीन लिटर तेलाचा खर्च कशाला? ह्याचें उत्तर शेतांत आहे. भाताचें रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचें असतां लावावें. इंजिन अडलें आणि मिस्त्री चार गांवें फिरून आठ दिवसांनीं आला, तर रोप जून होतें व त्याला फुटवे कमी येतात. पंपाचेंही तसेंच. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां ह्या भागांतील कित्येक गांवें अनेक दिवस विजेवांचून राहिलीं. पडून असलेलें डिझेल इंजिन अशाच, आगाऊ सूचना न देणाऱ्या दिवसासाठीं असतें.

सर्वांत अधिक हाल सामाईक टिलरचे होतात. सामाईक खात्याच्या बांधाचें जें होतें तेंच त्याचें होतें: उताऱ्यावर नांवें सर्वांचीं, पण ढांसळलेला दगड उचलणार कोण? अशा भागीदारांनीं एक वही करावी. तींत चाललेले तास, तेल बदलल्याची तारीख व बदलणाराचें नांव लिहावें, आणि तेलाचे पैसे चिखलणीच्या भाड्यांतूनच बाजूला काढावे.

काढलेलें तेल वहाळांत ओतूं नये. २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक कचऱ्यांत मोडतें. तें डब्यांत भरून, जुनें तेल घेण्याचा परवाना असलेल्याकडे पोंचवावें.

यंदां लावणी उरकली म्हणजे अवजारें धुवून ठेवतांना इंजिनाचें तेलही त्याच दिवशीं बदलावें, एवढीच आमची शेतकरीबंधूंस विनंति आहे.