एका सुळक्याची दोन नावे

प्रवासवर्णन वाचताना आपण सहसा असे गृहीत धरतो की लेखकाने आधी पाहिले आणि मग लिहिले. प्रत्यक्षात हा क्रम बरेचदा उलट असतो. जागा आधी लिहिली जाते, मग येणारे-जाणारे त्या लिहिलेल्याप्रमाणे ती पाहतात, आणि पाहून झाल्यावर तेच पुन्हा लिहितात. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील 'चिमनी रॉक' पाहून आल्यावर हा विचार मनातून जाईना, म्हणून हे टिपण.

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, नॉर्थ प्लॅट नदीच्या खोऱ्यात, बेयार्ड नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्यापासून काही मैलांवर सपाट गवताळ जमिनीतून एक शंकूसारखी टेकडी वर येते आणि तिच्या माथ्यावर एक अरुंद सुळका उभा आहे. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उंची सुमारे ३०० फूट. सह्याद्रीत ज्याने दोन-चार पावसाळे काढले आहेत त्याला हा आकडा सांगताना संकोचच वाटावा. दगडही काही कणखर नव्हे. घट्ट झालेली माती, मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे थर आणि वर जरा टणक वालुकाश्म. वारा-पावसाने भोवतालचे सगळे झिजवून नेले, एवढेच शिल्लक उरले, आणि तेही झिजतेच आहे.

पण उंची ही आकड्यांत नसते, ती भोवतालच्या सपाटीत असते. डेन्व्हरहून मोटारीने तीन-साडेतीन तास. वाटेत मका, बीटाची शेते, कोळशाच्या न संपणाऱ्या मालगाड्या आणि गवत. प्रेअरीला नजर अडवणारे काही नाही, आणि नजर अडली नाही की काही वेळाने ती पाहणेच सोडून देते. अशा वेळी क्षितिजावर एक बारीक उभी रेघ दिसली. ती अगदी जवळ वाटली. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवल्यावरही ती तितकीच जवळ राहिली.

मी मोटारीत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्यांनी ही रेघ पाहिली ते बैलांच्या गाड्यांतून, दिवसाला बारा-पंधरा मैल या गतीने, ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे निघाले होते. दोन-अडीच दशकांत साडेतीन ते पाच लाख माणसे या खोऱ्यातून गेली, असा अंदाज सांगितला जातो. त्यांना हा सुळका दोन-दोन दिवस आधीपासून दिसत असे. मागे शेकडो मैलांची एकसुरी वाट आणि त्या वाटेवर, विशेषतः १८४९ नंतरच्या काही वर्षांत, पटकीने मेलेल्यांची थडगी. साहजिकच जवळजवळ प्रत्येकाने रोजनिशीत या सुळक्याची नोंद केली. मेरिल मॅटेस या इतिहासकाराने तीनशेहून अधिक रोजनिश्या तपासल्या आणि वाटेवरील सर्व खुणांत सर्वाधिक उल्लेख याचाच आढळतो, असा निष्कर्ष काढला. कोणी त्याला पालथे घातलेले नरसाळे म्हटले, कोणी खांब रोवलेली गवताची गंजी. कोणी चित्र काढले, आणि चित्रात सुळका बहुधा आहे त्याहून उंच झाला.

या रोजनिश्या साहित्य म्हणून वाचण्यासारख्या आहेत, पण त्यांच्या भोळेपणावर विसंबू नये. अनेकांच्या गाडीत मार्गदर्शक पुस्तिका होत्या. विल्यम क्लेटनने मॉर्मन प्रवाशांसाठी १८४८ साली काढलेल्या पुस्तिकेत तर ठिकाणांमधली अंतरे चाकाचे फेरे मोजून दिलेली आहेत. म्हणजे सुळका दिसण्यापूर्वी तो छापलेला होता, त्याला नाव होते आणि नावातच उपमा होती. चिमणी पाहायला निघालेल्या माणसाला चिमणीच दिसली, तर त्यात नवल नाही.

'चिमनी रॉक' या नावाचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख जोशुआ पिल्चर या केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याचा, त्याच्या १८२७ सालच्या प्रवासातला. त्याआधी या भागात वावरणाऱ्या लकोटा लोकांचे स्वतःचे नाव होते. एल्क हे तिकडचे मोठ्या शिंगांचे हरीण, आणि सुळक्याला ते त्या हरणाच्या नराचे जननेंद्रिय म्हणत. आकार पाहिलेल्या कोणालाही या नावाचे स्पष्टीकरण लागणार नाही. 'एल्क पीक' असेही एक नाव जुन्या लिखाणात येते. हे मूळ नावाचे अर्धवट सभ्य केलेले रूप असावे, असा माझा तर्क आहे. एल्क ठेवला, अवयव काढून घेतला आणि त्या जागी शिखर बसवले. १८४० च्या दशकापर्यंत एल्कही गेला.

येथवर आल्यावर व्हिक्टोरियन सोवळेपणाला चार शब्द सुनावून मोकळे होणे सोपे आहे. मीही जाताना त्याच तयारीने गेलो होतो. प्रत्यक्ष त्या जागी मात्र दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. त्या अफाट सपाटीत, त्या काळी, मैलोगणती एकही घर नव्हते. चिमणी म्हणजे चूल, चूल म्हणजे घर. जे घर मोडून आले होते आणि पुढचे अजून उभारायचे होते, त्यांना नदीकाठी एक बिनघराची चिमणी दिसली. हे नाव केवळ लाजेतून आलेले नाही, त्यात घराची ओढही आहे. ते खोटे नाही. माझी तक्रार एवढीच की ते एकटे उरले आहे.

नाव एकटे उरणे ही निव्वळ भाषेची घटना नसते. या सुळक्याच्या पश्चिमेला, दोन-तीन दिवसांच्या गाडीवाटेवर, हॉर्स क्रीकचा संगम आहे. तेथे १८५१ साली लकोटा, शायान, अरापाहो आणि इतर जमातींशी अमेरिकन सरकारने करार केला. कोणाची भूमी कोठवर, हे त्यात लिहिले गेले आणि वाटेवरील प्रवाशांना सुरक्षित जाऊ देण्याच्या बदल्यात पन्नास वर्षे वार्षिक रक्कम ठरली. सिनेटने मंजुरी देताना ती मुदत दहा वर्षांवर आणली. पुस्तिका, रोजनिशी आणि करार या तिन्हींची भाषा एकच होती, आणि भूमीवर काय आहे व ते कोणाचे आहे हे त्या भाषेत ठरत गेले. वायोमिंगमधील प्रसिद्ध खडकाचेही तेच झाले. लकोटा त्याला अस्वलाचे घर म्हणत. १८७५ च्या मोहिमेनंतर तो 'डेव्हिल्स टॉवर' झाला. अस्वलाचा सैतान होण्यास एक दुभाषा पुरतो.

आता प्रश्न आपला. यातली एखादी रोजनिशी, किंवा या प्रदेशावरचा एखादा निबंध, उद्या मराठीत आणायचा झाला तर काय लिहावे? 'चिमनी रॉक' तसेच ठेवले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी पाखरू येईल, मग रॉकेलची चिमणी, आणि मुंबईचा असल्यास गिरणीची. गंमत सोडली तरी ती अडचण किरकोळ आहे. खरी अडचण दुसऱ्या नावाची. 'शिश्न' लिहावे तर वाक्याला शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा वास येतो. बोलीतला शब्द संपादक छापणार नाही. 'लिंग' लिहावे तर वाचक हात जोडतो, आणि लकोटा नावात नसलेली पिंडी आपण तिथे नेऊन ठेवतो. म्हणून आपले अनुवादक बहुधा तिसरा मार्ग घेतात. मूळ नाव 'काहीसे ग्राम्य' होते असे तळटीपेत सांगतात आणि पुढे जातात. हे मला अप्रामाणिक वाटते. शब्द ग्राम्य आहे हे कोणी ठरवले? ज्यांनी तो पुसला त्यांनीच. तळटीपेतला तो शेरा म्हणजे त्या पुसण्यावर आपण मराठीत मारलेला शिक्का होय.

आणि गरज तरी काय? जुन्नरकडे, नाणेघाटाजवळ जीवधन किल्ल्याला लागून एक उत्तुंग सुळका आहे. त्याचे नाव वानरलिंगी. गिर्यारोहक, गावकरी, शाळेच्या सहलीबरोबर आलेले मास्तर, सगळे हे नाव मोकळेपणाने घेतात. त्यात पूजा नाही आणि चावटपणाही नाही. आकार दिसला, प्राणी ओळखीचा होता, नाव पडले. याच सुळक्याला 'खडा पारशी' असेही म्हणतात, म्हणजे सभ्य पोशाखातले दुसरे नावही आहे. फरक इतकाच की येथे एकाने दुसऱ्याला हाकलले नाही. दोन्ही नावे वापरात आहेत आणि सुळका दोन्हींना ओ देतो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. मराठीत त्याला 'एल्कलिंगी' म्हणावे, तळटीपेत नव्हे, मजकुरात, 'चिमनी रॉक'च्या बरोबरीने. घडण आपलीच आहे, कानाला खटकत नाही, आणि वाचकाला जे सांगायचे ते सांगते. लकोटा भाषेतील नावाला जो सहज सूर असावा असे वाटते, तो 'वानरलिंगी'च्या कुळातल्या शब्दात जितका उतरेल तितका 'शिश्न' किंवा 'चिमणी'त उतरणार नाही. याहून बरा शब्द कोणी सुचवला तर आनंदच आहे. मात्र 'मूळ नाव अश्लील असल्याने दिलेले नाही' हा पर्याय मान्य नाही.

मी पायथ्यापर्यंत गेलो नाही. गवतात रॅटलस्नेक असल्याचे सांगणाऱ्या पाट्यांनी माझी जिज्ञासा आटोक्यात ठेवली. पूर्वी प्रवासी त्या मऊ मातीत आपली नावे कोरत, पण ती नावे बहुतेक सारी वाहून गेली आहेत. संध्याकाळी परतताना गावात कॉफी घेतली. सुट्या पैशांत पाव डॉलरचे एक नाणे आले, २००६ साली नेब्रास्कासाठी काढलेले. त्यावर छत घातलेली बैलगाडी, मागे सूर्य, बाजूला सुळका, आणि जवळ कोरलेले नाव. अर्थातच, एकच.