कवडी तापते आहे

मंचरच्या बाजारात कांदा पडला की ‘कवडीमोल’ हा शब्द बातमीत येतोच. खुद्द कवडीची बातमी कुणी देत नाही. परवा छातीच्या एक्स-रेसाठी आलेल्या आजी गळ्यातली भवानीआईची कवड्यांची माळ उतरवायला तयार नव्हत्या. हाडांप्रमाणे कवडीतही कॅल्शियम. फिल्मवर पांढरे डाग उमटले असते. समजावल्यावर माळ कपाळाला लावून त्यांनी नातीकडे दिली.

कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच. जिवंतपणी ती अंगाचा मऊ पडदा कवचावर पांघरते, म्हणून ही चकाकी. दिवसा प्रवाळाच्या कपारीत दडायचं, रात्री शेवाळ खरवडायचं. मादी तर कोंबडीसारखी अंड्यांवर बसते! जुन्या चलनातल्या कवड्या मुख्यतः मालदीवच्या; शेजारच्या लक्षद्वीपमध्येही त्या राहतात.

त्याच लक्षद्वीपमध्ये समुद्र ऑक्टोबर २०२३ पासून तापलेला होता. मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडलेले आढळले. प्रवाळही प्राणीच. ताप चढला की अंगातलं, त्याला अन्न पुरवणारं शैवाल तो बाहेर टाकतो. ताप लवकर उतरला तर सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो आणि कालांतराने कपारी ढासळतात. कवडीच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जाऊन दुसरं बेट गाठू शकतात. पण त्या वर्षी प्रवाळ जगभर पांढरे पडत होते.