लेक शर्यतीला निघाली, तिच्या मागे कोण?

रविवारी पहाटे भुईगावच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन तऱ्हेचे सायकलवाले दिसतात. एक पाववाला, दूधवाला, पाळीवर निघालेला कामगार. दुसरे डोक्यावर हेल्मेट घालून, हलक्या सायकलींवर, घड्याळाकडे बघत जाणारे. पहिल्याला आपण कष्टकरी म्हणतो, दुसऱ्याला खेळाडू. आपल्या वस्तीतले एखादे पोर दुसऱ्या घोळक्यात जायचे म्हणाले की घरातून उत्तर येते, “ती मोठ्या लोकांची हौस, आपल्याला परवडणारी नाही.” मुलगी असेल तर उत्तर आणखी आखूड असते, “आता पुरे.”

आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. स्पर्धेची सायकल महाग असते, हे खरे. पण सायकलपटू आधी घडतो तो त्याच्या ताटात, झोपेत आणि रक्तात. तिथे घरच्यांनी पाठ फिरवली तर लाखाची सायकलही काही करू शकत नाही.

हौशी स्पर्धक म्हणजे खेळावर पोट नसलेला माणूस. तो नोकरी, शाळा, घर सांभाळून सराव करतो. अमेरिकेत समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची शर्यत होते. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या संघात पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीच्या आत पार केली. हे तिघेही पेशाने डॉक्टर. या शर्यतीत सायकलवाल्याच्या मागे गाडीतून त्याची माणसे चालत असतात. कधी खायचे, किती पाणी प्यायचे, कधी झोपायचे, कुठे थांबायचे, हे तीच सांभाळतात. पायडल एकाचे असते, शर्यत सगळ्यांची असते.

आपल्या पोरांच्या मागे अशी गाडी नाही. पण घर आहे, शेजार आहे, विहार आहे. त्या गाडीचे काम यांनी करायचे आहे, एवढेच आमचे म्हणणे. आणि त्याची गरज मुलाहून मुलीला जास्त आहे.

पहिले काम रक्ताचे. सायकलवर दम टिकतो तो रक्तातून स्नायूंना पोचणाऱ्या प्राणवायूवर. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवले आहे. मुलगी चढावर मागे पडते, धाप लागते, तेव्हा तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. बाईचे 12 च्या खाली आणि पुरुषाचे 13 च्या खाली असेल तर आधी उपचार, मग शर्यत. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

त्याच वेळी सिकलसेलचीही तपासणी करून घ्या. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात हा आजार जास्त आढळतो आणि तिकडून आलेली कितीतरी घरे वसई-विरारच्या वस्त्यांत आहेत. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे, तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी धरलेली आहे. सिकलसेलचा वाहक असलेला माणूस बहुधा ठणठणीत असतो, खेळूही शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून सायकल मारली तर त्याला धोका होऊ शकतो. त्याने वेग हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावे, पायात किंवा पाठीत विचित्र कळ आली की तिथेच थांबावे. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्पर्धेत उतरू नये. यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. तो आईवडिलांकडून आलेला रक्ताचा गुण आहे, कोणाच्या कर्माचे फळ नव्हे.

दुसरे काम पाळीबद्दल उघड बोलण्याचे. सायकल चालवल्याने गर्भाशय सरकते, मूल होत नाही, हे सगळे खोटे आहे. कौमार्याची भीती घालून मुलीला सायकलवरून उतरवणारेही आहेत. योनीजवळचा पडदा खेळताना, उड्या मारताना, कशानेही ताणला जाऊ शकतो. त्यावरून मुलीचे चारित्र्य ठरवणे हे अज्ञान आहे. पाळीच्या दिवसांत अंगाला बरे वाटत असेल तर सायकल जरूर चालवावी. पॅड वेळेवर बदलावे, घामाचे कपडे अंगावर वाळू देऊ नयेत.

मात्र एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवावी. मुलगी खूप सराव करते आणि पोटाला कमी खाते, तेव्हा तिची पाळी थांबू शकते. अशा वेळी घरात आधी संशय येतो, मग मारझोड होते. डॉक्टरकडे नेणे राहूनच जाते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तिला विश्वासात घेऊन दवाखान्यात न्या. अंगात अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. तिकडे दुर्लक्ष झाले तर हाडे ठिसूळ होतात.

तिसरे काम ताटाचे. घरातली अंडी, मासळीचा तुकडा, दुसरी वाटी डाळ आधी कोणाला मिळते? मुलगा आणि मुलगी दोघे सराव करत असतील तर दोघांचे ताट सारखे हवे. महागडे डबे लागत नाहीत. नाचणीची भाकरी, डाळ, उसळ, सुकट, जवळा, अंडे, पालेभाजी आणि वर लिंबू. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, अन्नातले लोह अंगाला लागत नाही. लांबच्या पल्ल्यावर खिशात केळे, शेंगदाण्याची चिक्की किंवा आपल्या वसईचे सुकेळे ठेवावे. जिममध्ये कोणीतरी दिलेली भुकटी, गोळ्या, इंजेक्शने घेऊ नयेत.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम फार जातो. तासाभराहून लांब सराव असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्यावे. चमचा चहाचा. नुसते पाणीच भरमसाट पिणेही घातक असते. छातीत दुखले, चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले तर सायकल थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

चौथे काम विसाव्याचे. वालीव-गोखिवऱ्याला रात्रपाळी करून थेट सरावाला जाणारी मुले आम्ही पाहतो. त्यांच्या जिद्दीला जयभीम, पण हे चालणार नाही. सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ केले होते. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. सरावाचा नियम हाच. आठवड्यात एकदोन दिवस विश्रांती, रोजची पुरेशी झोप. गुडघे दुखत असतील तर सीटची उंची पाहा. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे.

सुरुवातीलाच नंबर काढायची घाई नको. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, तिथे पहिला-दुसरा नसतो. कामावर जाणाऱ्या तरुणांना ती चांगली शाळा आहे.

पाचवे काम घराबाहेरचे. अहमदाबाद महामार्गावर सराव करू देऊ नका. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांना पर्याय नाही. पण खड्डे, अंधार आणि भरधाव गाड्या यांची जबाबदारी एकट्या मुलीवर टाकून कसे चालेल? महापालिकेकडे रस्त्यावरच्या दिव्यांची, पहाटेच्या सरावासाठी सुरक्षित रस्त्याची मागणी आपण वस्तीने मिळून केली पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सायकल मुलीला शाळेत टिकवते, हे सरकारलाही कळले आहे. मग बारावीनंतर ती सायकल भावाकडे का जाते?

भंडाऱ्याची मयूरी लुटे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत देशासाठी सायकलवर उतरली. आपल्या प्रत्येक मुलीने तिथवर जावे असे आम्ही म्हणत नाही. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. त्या मापाने आपली वस्ती कुठे आहे ते पाहायचे असेल तर येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. किती मुलींना सायकल चालवायची आहे ते विचारा, त्यांची नावे लिहा आणि त्याच आठवड्यात सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्या.

नमो बुद्धाय, जयभीम.