हौस क्षणाची, जबाबदारी तीस वर्षांची

महानगरांतील सुखवस्तू घरांत कुत्र्या-मांजरांच्या जोडीला आता परदेशी सापही येऊ लागले आहेत. नाग, धामण वा भारतीय अजगर घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरते. त्यामुळे हौशी मंडळींची नजर वळली ती पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ या लहान, बिनविषारी अजगराकडे.

या हौसेला कायद्याच्या चौकटीत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने विदेशी प्राण्यांच्या मालकांना सहा महिन्यांत स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत दिली. पुढे २०२२ ची कायदा-दुरुस्ती आली आणि २०२४ च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय करारातील सूचीबद्ध प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु नोंदणीमुळे मालक कोण हे कळते. तो जाणता आहे की नाही, हे कळत नाही. खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सापाची खरेदी-किंमत हा त्याच्या एकूण खर्चाचा केवळ आरंभ होय. साप स्वतःच्या शरीराची उष्णता निर्माण करून टिकवू शकत नाही. म्हणून त्याच्या पेटीचे एक टोक सुमारे ३१-३२ अंश सेल्सियस, तर दुसरे २५-२६ अंश ठेवावे लागते. त्यासाठी उष्णता नियंत्रित करणारे उपकरण हवे, दोन्ही टोकांना लपण्याच्या जागा हव्यात, स्वच्छ पाणी व बेताचा दमटपणा हवा. विदर्भ-खानदेशातील मे महिन्यात तर प्रश्न उलटा होतो. तेथे सापाला उष्णतेपासून वाचवावे लागते.

नव्या मालकाकडून सर्वांत मोठी चूक होते ती कौतुकापोटी. घरी आणलेला साप पहिल्याच दिवशी हाती घेऊन पाहुण्यांना दाखविला जातो. वस्तुतः पहिला आठवडाभर त्याला न हाताळता, अन्नही न देता, शांतपणे राहू देणे हेच शहाणपणाचे असते. त्यानंतर त्याच्या अंगाच्या जाडीला साजेसा, आधीच मारलेला उंदीर द्यावा. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करू शकतो. दूध हे तर सापाचे अन्नच नव्हे. प्रौढ बॉल पायथन कित्येक आठवडे अन्न नाकारतो. तेव्हा घाबरून बळेच भरविण्यापेक्षा तापमान तपासावे, वजनाची नोंद ठेवावी आणि वजन घटत गेल्यास जाणकार पशुवैद्य गाठावा. हाताळल्यावर साबणाने हात धुणे हीदेखील चैन नव्हे. साल्मोनेलाचे जंतू सापाकडून माणसाकडे येऊ शकतात.

हे सारे किती काळ करावयाचे? हा प्राणी पाळीव अवस्थेत वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुई प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या मादीने २०२० मध्ये, किमान ६२ वर्षांची असताना, अंडी घातली! महाविद्यालयीन वयातली हौस अशा रीतीने निवृत्तीपर्यंत सोबत करू शकते.

ज्याची हौस फिटते त्याने टाकलेला बोजा मात्र समाज उचलतो. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या बर्मी अजगरांनी ठाण मांडले. ज्या भागांत ते सर्वाधिक काळ रुजले तेथे रॅकूनची नोंद ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१२ च्या एका अभ्यासात आढळले. त्या वर्षी अमेरिकेने या अजगरांच्या आयातीवर बंदी घातली; पण तोवर फार उशीर झाला होता. इकडे २०२५ साली मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर सापडले. मागणी असेल तेथे चोरटी आयात वाट काढते, हा बाजाराचा नियम प्राण्यांनाही लागू पडतो.

म्हणून केवळ मालकीची नोंद पुरेशी नाही. विक्रेत्याने प्राण्याची कागदपत्रे व निगेची लेखी माहिती देणे सक्तीचे व्हावे. सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असणारे पशुवैद्य तयार व्हावेत आणि ज्यांना निगा झेपेनाशी होईल त्यांना प्राणी सोपविण्याची अधिकृत सोय असावी. ती सोय नसेल, तर नकोसा साप रात्री एखाद्या नाल्याकाठी सोडला जाईल. ज्याला ही तीस वर्षे पेलणार नाहीत त्याने सापाचे कौतुक सर्पोद्यानात जाऊन करावे. त्यातच सापाचे आणि समाजाचेही हित आहे.