घास नाकारणारे मूल

गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातील एक आजी पावणेतीन वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, ह्याला भुकेचं औषध द्या. वरणभात दिसला की उमासे काढतो. दूध आणि कडक भाकरी, एवढंच खातो. सुनेनं लाडावून ठेवलंय." सून मान खाली घालून उभी होती. नातू हाकेला वळत नव्हता. तहान लागताच त्याने आजींचा हात धरून पाण्याच्या बाटलीवर नेला. मात्र त्यांच्याकडे पाहिले नाही, बोटानेही दाखवले नाही.

खाणे आणि संवाद या दोन्ही अडचणी एकत्र दिसल्या, की स्वमग्नतेचा, म्हणजेच ऑटिझमचा विचार करावा लागतो. अशा अनेक बालकांना चव, वास व स्पर्श फार तीव्रतेने जाणवतात. कडक भाकरी रोज तशीच कुरकुरीत लागते. वरणभात कधी पातळ, कधी घट्ट, कधी गरम. हा नकार हट्टातून येत नाही. १९४३ मध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी ज्या ११ बालकांचे वर्णन केले, त्यांतही खाण्याच्या तक्रारी होत्या. आईच्या लाडामुळे स्वमग्नता होत नाही, हे घरातील ज्येष्ठांनी प्रथम मनाशी पक्के करावे.

जबरदस्तीने भरवल्यास जेवणाची भीती बसते. मोबाइल दाखवून भरवल्यास मूल घासाकडे पाहतच नाही. आवडीच्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ चिमूटभर ठेवावा. त्याने नुसता हात लावला तरी पुरे. तो स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. जेवण अर्ध्या तासात आटोपावे. दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा अधिक नको. दुधानेच पोट भरले, तर लोहाची कमतरता व बद्धकोष्ठता होते. घास ठसकत असेल किंवा वजन घटत असेल, तर विलंब करू नये.

जेवणाची वेळ ही संवादाचीही वेळ असते. केळे आणि भाकरी दोन हातांत धरून "काय हवं?" असे विचारावे व थोडे थांबावे. मुलाने नजरेने, हाताने वा चित्राने सांगितले तरी वस्तूचे नाव उच्चारून ती लगेच द्यावी. बोलल्याशिवाय देणार नाही, असा आग्रह नको.

"मुलगे उशिराच बोलतात" या समजुतीत मोलाचा काळ जातो. वर्षभराचे मूल हाकेला वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले शब्द नाहीसे झाले असतील, तर श्रवणचाचणी करून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. तिथे ही शंका आवर्जून सांगावी.

भुकेचे औषध मी दिले नाही. हिमोग्लोबिन व श्रवणचाचणी लिहून दिली आणि पुढील तपासणीस सुनेसोबत येण्याची विनंती आजींनाच केली. घरातील सर्वांत मोठ्या व्यक्तीने दोष देणे थांबवले, की त्या आईला मुलाकडे पाहायला बळ मिळते.